पाइनची निवड-पैदास आणि बियाण्याचं मूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनशास्त्र शिकणारी मुलं, सागाची रोपं घ्यायला निघालेले शेतकरी आणि अमेरिकेत पाइनच्या जंगलांशेजारी राहणारी मराठी मंडळी यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच झाड येईल: अमेरिकेच्या दक्षिण-पूर्व राज्यांतला लॉब्लॉली पाइन. जंगली झाडाच्या पैदाशीचं इतकं जुनं आणि इतक्या चोख नोंदी ठेवलेलं काम जगात फार थोड्या झाडांवर झालंय, म्हणून हे झाड.

जंगलातलं झाड सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन कामं आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिलं, बियाणं कोणत्या मुलखातून आणायचं ते ठरवणं. दुसरं, त्या मुलखातल्या झाडांमधून सरस झाडं निवडून त्यांचा आपसात संकर करणं आणि पुढच्या पिढीतून पुन्हा निवडणं. दुसऱ्या कामाला प्रतिष्ठा आहे, प्रयोगशाळा आहेत, पीएचड्या आहेत. पहिलं काम कंटाळवाणं वाटतं, पण पैसा तिथेच वाचतो आणि तिथेच बुडतो.

भातात किंवा ज्वारीत चुकीचं बियाणं आलं तर एक हंगाम जातो. लॉब्लॉलीची तोड साधारण पंचविसाव्या वर्षाच्या आसपास होते. तोपर्यंत चूक शेतात उभी असते आणि सुरुवातीची काही वर्षं ती चांगली हिरवीगार दिसते.

बियाणं कुठून आणलं याने खरंच एवढा फरक पडतो?

लुइझियानात बोगालुसा नावाचं लाकूडकापीचं गाव आहे. फिलिप वेकली या वन खात्यातल्या माणसाने १९२०च्या दशकात तिथे एक साधा प्रयोग लावला. लॉब्लॉलीचं बियाणं चार ठिकाणचं घेतलं: जवळच्याच लिव्हिंग्स्टन पॅरिशचं (पॅरिश म्हणजे लुइझियानातला जिल्हा), टेक्सासचं, जॉर्जियाचं आणि आर्कान्साचं. रोपं एकाच जमिनीत, एकाच हंगामात लावली. जात एकच, दिसायला रोपं सारखी. त्या काळी बियाणं विकणाराही कुठलं ते सांगत नसे आणि घेणाराही विचारत नसे.

बावीस वर्षांनी हिशोब केला तेव्हा स्थानिक बियाण्याच्या तुकड्यात बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त लाकूड उभं होतं. जॉर्जियाच्या झाडांना तांबेऱ्याच्या गाठींनी सगळ्यात जास्त ग्रासलं होतं, तर लुइझियाना आणि टेक्सासची झाडं त्या मानाने स्वच्छ होती. माती तीच, पाऊस तोच, निगा तीच. फरक फक्त पोत्यावरच्या गावाचा. या एका प्रयोगामुळे पुढे १९५१ साली सगळ्या दक्षिणी राज्यांना मिळून बियाण्याच्या मूळस्थानांचा मोठा अभ्यास सुरू झाला. तोही वेकलींच्याच पुढाकाराने.

युरोपात ही जाणीव आणखी जुनी आहे. फ्रान्समध्ये बियाण्याचा व्यापार करणाऱ्या विल्मोरँ घराण्यातल्या फिलिप-आंद्रे यांनी १८२०च्या दशकातच ले बार इथे वेगवेगळ्या देशांतून आणलेला स्कॉट्स पाइन शेजारी शेजारी लावून पाहिला होता. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रीगाकडचा पाइन नावाजलेला होता आणि त्याचा सरळपणा फ्रान्सच्या मातीतही टिकतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

मग स्थानिक बियाणंच घ्यावं, असा नियम समजायचा का?

सुरुवातीचा नियम म्हणून बरा आहे. माहिती नसेल तर स्थानिकच घ्या. पण स्थानिक बियाणं सगळ्यात चांगलं असतंच असं नाही, हेही याच अभ्यासांनी दाखवलं.

दक्षिणी पाइनच्या बाबतीत सगळ्यात जास्त बोलतं ते हिवाळ्यातलं सरासरी किमान तापमान. थोड्या उबदार मुलखातलं बियाणं थोड्या थंड मुलखात नेलं तर ते स्थानिकापेक्षा जास्त वाढतं, कारण ते शरद ऋतूत उशिरापर्यंत वाढत राहतं. फार थंडीत नेलं तर त्याच सवयीमुळे शेंडे करपतात आणि बर्फाने फांद्या मोडतात. वन संशोधक रॉन श्मिटलिंग यांनी २००१ मध्ये या सगळ्या आकडेवारीतून एक सोपी मर्यादा सांगितली: दोन ठिकाणांच्या किमान तापमानात ५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम पावणेतीन अंश सेल्सिअसपर्यंत फरक असेल तर बियाणं हलवणं सुरक्षित.

पूर्व-पश्चिम हलवताना मात्र मिसिसिपी नदी आडवी येते. नदीच्या पश्चिमेकडची झाडं हळू वाढतात, दुष्काळ जास्त सोसतात आणि तांबेऱ्याला कमी बळी पडतात. पूर्वेकडची भराभर वाढतात. यावरून दोन उलट दिशेचे व्यवहार झाले आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. लिव्हिंग्स्टन पॅरिशचं बियाणं तांबेऱ्याने बेजार असलेल्या जॉर्जिया आणि अलाबामात मोठ्या प्रमाणावर गेलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याचं बियाणं १९७०च्या दशकापासून आर्कान्सा आणि ओक्लाहोमात गेलं, कारण तिथे ते स्थानिकापेक्षा जास्त लाकूड देतं. पण हे दुसरं धाडस खोल, ओल धरणाऱ्या जमिनीवरच करावं. उथळ, खडकाळ टेकडीवर हे बियाणं लावणं म्हणजे एका कोरड्या उन्हाळ्यावर पंचवीस वर्षांची पैज लावणं.

तांबेरा गव्हावर ऐकलाय. झाडावर कसा पडतो?

बुरशी त्याच गटातली. हिला जगायला दोन यजमान लागतात, पाइन आणि ओक. वसंतात पाइनच्या गाठींवर नारिंगी भुकटी येते, ती उडून ओकच्या कोवळ्या पानांवर जाते आणि तिथून दुसऱ्या प्रकारचे बीजाणू परत पाइनच्या कोवळ्या शेंड्यांवर येतात. ओकचं फारसं बिघडत नाही. पाइनच्या खोडावर चातीसारखी फुगलेली गाठ होते आणि सोसाट्याचा वारा आला की झाड नेमकं तिथेच मोडतं. जंगलात फवारणी परवडत नाही, त्यामुळे प्रतिकारक्षम वाण हाच उपाय. प्रतिकार म्हणजे रोग अजिबात होणार नाही असं नव्हे. शंभरातली गाठीची झाडं कमी होतात, एवढंच.

सरस झाड निवडतात कसं? नुसतं उंच बघून?

वृक्षपैदासकार ब्रूस झोबेल यांनी १९५१ मध्ये टेक्सासात आणि मग १९५६ पासून नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात हे काम उभं केलं. कागद आणि लाकडाच्या कंपन्या एरवी एकमेकींच्या स्पर्धक. इथे त्या वर्गणी काढून एका सहकारी कार्यक्रमात आल्या. तो कार्यक्रम आजही चालू आहे. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये.

निवडीची रीत अशी. नैसर्गिक जंगलात एखादं झाड डोळ्यात भरलं की त्याच्या आसपासची, त्याच वयाची पाच चांगली झाडं घ्यायची आणि त्यांच्याशी त्याची तुलना करायची. उंची, घेर, खोडाचा सरळपणा, फांद्यांची जाडी आणि कोन, रोग. मग पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढून घनता मोजायची. शेजाऱ्यांशी तुलना का? कारण ओढ्याकाठचं झाड माळावरच्या झाडापेक्षा मोठं असणारच. त्यात त्याच्या रक्ताचा गुण किती आणि पाण्याचा किती, हे एकट्या झाडाकडे बघून कळत नाही. पाचही शेजारी त्याच पाण्यावर वाढलेत आणि तरीही हे पुढे गेलंय, तर काहीतरी असावं.

मोठ्या झाडाची पोरं मोठीच होतात का?

थोडी. समजा जंगलाची सरासरी उंची २० मीटर आहे आणि आपण निवडलेली आई-बाप झाडं सरासरी २४ मीटरची. फरक ४ मीटर. उंचीची आनुवंशिकता, म्हणजे फरकातला पुढच्या पिढीत उतरणारा वाटा, ०.२ धरली तर पोरं सरासरीच्या पुढे जातील ती ४ गुणिले ०.२, म्हणजे ०.८ मीटर. उरलेले ३.२ मीटर माती, पाणी, ऊन आणि नशिबाचे होते. ते पुढच्या पिढीत जात नाहीत.

गुणागुणांतही फरक आहे. वाढीची आनुवंशिकता कमी, लाकडाच्या घनतेची बरीच जास्त, सरळपणाची मधली. म्हणून घनता झाड बघून निवडता येते, वाढीसाठी मात्र संतती चाचणी लागते. प्रत्येक निवडलेल्या झाडाची रोपं वेगवेगळ्या ठिकाणी, जमिनीचे तुकडे पाडून, विखरून लावायची आणि पोरांवरून आई-बापाचा भाव ठरवायचा. दिसायला देखणी असलेली कितीतरी झाडं इथे नापास होतात. लॉब्लॉलीत यासाठी पंचवीस वर्षं थांबावं लागत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपासची मापं पुढच्या वाढीचा बऱ्यापैकी अंदाज देतात. थांबलं तर जास्त खात्री मिळते, पण तोवर एक पिढी हातची जाते. या दोन्हींत कुठे थांबायचं, यावर पैदासकारांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

बीजोद्यान म्हणजे काय? साध्या जंगलातून बियाणं गोळा केलं तर काय बिघडतं?

निवडलेली झाडं जंगलात विखुरलेली असतात. त्यांना शेजारच्या कोणत्याही झाडाचे परागकण लागतात, म्हणजे बापाचा पत्ता नसतो. म्हणून त्यांच्या शेंड्याच्या काड्या आणून दुसऱ्या रोपांवर कलमं बांधतात आणि ती एका बागेत लावतात. एकाच झाडाची दोन कलमं शेजारी येणार नाहीत अशी मांडणी करावी लागते, कारण पाइनमध्ये स्वपरागणाने बियाणं पोचट निघतं आणि जे रुजतं ते खुरटं राहतं. हापूसची कलमं आपण फळासाठी लावतो आणि कोयीवर भरवसा ठेवत नाही. इथे उलट आहे: कलम हे साधन, खरा माल म्हणजे बी. संतती चाचणीचे निकाल आले की नापास कलमं बागेतून सरळ तोडून टाकतात. वीस वर्षं वाढवलेलं धडधाकट झाड तोडायला बागवानाचा हात धजत नाही, पण ती तोड हाच बागेचा अर्धा फायदा असतो.

मार्चमध्ये आमच्या गाड्यांवर पिवळी धूळ बसते. तिचा याच्याशी संबंध आहे का?

थेट. अटलांटा किंवा रॅलेत राहणाऱ्या कोणालाही ही धूळ माहीत आहे: गॅलरीतल्या खुर्चीवर बोट फिरवलं की हळदीसारखा पट्टा उठतो. ते पाइनचे परागकण. प्रत्येक कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर मैलोगणती जातो.

पैदासकाराची डोकेदुखी हीच. बीजोद्यानाभोवती पाइन नसलेला पट्टा ठेवला तरी बाहेरचे परागकण येतातच आणि बागेतल्या बियाण्यापैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त बाहेरच्या बापाचा निघू शकतो. आई निवडलेली, बाप रस्त्यावरचा. फायदा अर्ध्यावर येतो. म्हणून महागड्या बियाण्यासाठी हाताने परागण करतात. मादी फुलं झाडाच्या वरच्या फांद्यांच्या टोकाला असतात, नखाएवढी, लालसर. ती उमलण्याआधी त्यांच्यावर पिशव्या चढवायच्या, उमलली की नेमक्या बापाचे परागकण पिशवीत फुंकायचे, परागणाचे दिवस उलटले की पिशव्या काढायच्या. हे सगळं शिडीगाडीच्या पाळण्यात उभं राहून, वाऱ्यात, जेमतेम काही आठवड्यांच्या आत. असं बियाणं महाग का, हे एकदा वर चढून बघितल्यावर कोणी विचारत नाही.

फुलापासून बी हाती यायला किती काळ लागतो?

मार्चमध्ये पराग पडला तर बी पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. परागण झाल्यावर प्रत्यक्ष फलन व्हायलाच वर्षभर लागतं. त्यामुळे बागेत एका झाडावर एकाच वेळी यंदाचे चिमुकले शंकू (पाइनचं बी यांतच तयार होतं) आणि गेल्या वर्षीचे मोठे हिरवे शंकू दिसतात. मधल्या काळात शंकू पोखरणाऱ्या अळ्या आणि बी शोषणारे ढेकूण पिकाचा मोठा भाग फस्त करू शकतात.

शंकू पिकलाय की नाही हे बघायची जुनी रीत मजेशीर आहे. नुकताच तोडलेला शंकू एसएई-२० मोटार ऑइलच्या डब्यात टाकायचा. तरंगला तर तोडणीला तयार. पिकताना शंकूतलं पाणी कमी होऊन त्याची घनता ०.८९च्या खाली येते आणि तेलाची घनता साधारण तेवढीच असते. मग शंकू उबदार भट्टीत उघडतात, पंख चोळून काढतात, पोचट बी वेगळं करतात. किलोत सुमारे ४०,००० बिया बसतात. नीट वाळवून गोठणबिंदूच्या खाली ठेवलं तर बी अनेक वर्षं जिवंत राहतं. पेरण्याआधी मात्र भिजवून महिना-दोन महिने फ्रिजच्या तापमानात ठेवावं लागतं, नाहीतर उगवण पुढेमागे होते.

एवढं करून हाती काय लागलं?

पहिल्या पिढीच्या बीजोद्यानांतल्या बियाण्याने जंगली बियाण्याच्या तुलनेत एकरी ७ ते १२ टक्के जास्त लाकूड दिलं. आकडा छोटा वाटेल. पण रोप लावायचा खर्च तोच, खड्डा तोच, मजुरी तीच, आणि दक्षिणेत लॉब्लॉलीची लागवड लाखो एकरांवर आहे. पुढच्या पिढ्यांत हा फायदा वाढत गेला. शिवाय सरळ खोडं आणि कमी गाठी यांचा फायदा घनफुटात मोजला जात नाही, तो आरागिरणीत कळतो: तेच झाड कागदाच्या लगद्याऐवजी फळ्यांच्या भावाने जातं.

निवडून निवडून सगळी झाडं एकसारखी होणार नाहीत का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पैदासकार दोन वेगळे साठे ठेवतात. पैदाशीच्या साठ्यात शेकडो झाडं असतात आणि तिथे नातेसंबंधांच्या नोंदी आपल्याकडच्या लग्नांपेक्षा काटेकोर ठेवतात. लागवडीसाठी मात्र त्यातली निवडक घराणी बाहेर जातात. एका डोंगरावर एकच घराणं लावायचं की पाच-सहा मिसळायची, हा जमीनमालकाचा निर्णय. एकच लावलं तर माल एकसारखा मिळतो, संकटही एकसारखंच येतं. मला विचाराल तर थोडं मिसळलेलं बरं.

न्यूझीलंडचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथल्या लागवडीच्या जंगलांत सुमारे ९० टक्के रेडिएटा पाइन आहे. मूळ देशात मात्र तो कॅलिफोर्निया किनाऱ्यावरच्या तीन जागा आणि मेक्सिकोची दोन बेटं एवढ्यावरच उरलाय. ही मूळ विविधता हातची जाऊ नये म्हणून १९७८ मध्ये त्या पाचही ठिकाणांहून पुन्हा बियाणं गोळा केलं गेलं. मुंबई-पुण्यात खोक्यांसाठी आणि स्वस्त फर्निचरसाठी जे पाइन म्हणून विकतात त्यातलं बरंचसं कांडला बंदरातून आलेलं हेच लाकूड.

ही जीएम, म्हणजे जनुकबदल केलेली, झाडं आहेत का?

नाही. निवड आणि संकर, बस. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक जनुकबदल केलेला लॉब्लॉली आपल्या नियमनाच्या कक्षेत येत नाही असं ठरवलं होतं, तो वेगळा विषय. त्याच वर्षी लॉब्लॉलीचा जनुकसंच वाचून झाला: डीएनएची सुमारे २२०० कोटी अक्षरं, माणसाच्या सातपट. आता कोवळ्या रोपाच्या डीएनएवरून त्याचा भाव आधीच बांधायचे प्रयत्न चालू आहेत. संतती चाचण्या त्याने बंद होत नाहीत, कारण डीएनएच्या खुणांना अर्थ त्या चाचण्यांतूनच मिळतो.

आपल्या चीडचं काय?

हिमालयात साधारण ५०० ते २००० मीटरवर वाढणाऱ्या चीड या पाइनची एक मोठी खोड आहे: पिळवटलेले तंतू. अशा लाकडाची फळी वाळताना वाकडी होते. एच. जी. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात कुमाऊँत याचा अभ्यास केला आणि पीळ आनुवंशिक असल्याकडे बोट दाखवलं. इथे धोका उलट निवडीचा आहे. ठेकेदार सरळ झाडं नेतो, पिळाची उभी राहतात आणि पुढच्या पिढीचं बी तीच टाकतात. कोणी काही न करताही जंगल बिघडत जातं.

गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात १९७०च्या दशकात साल वृक्षांचं जंगल काढून कागदासाठी कॅरिबियन पाइन लावायचा घाट जागतिक बँकेच्या मदतीने घातला होता. आदिवासींच्या विरोधामुळे तो गुंडाळावा लागला आणि ते बरंच झालं. बियाणं कितीही निवडक असलं तरी जिथे लोक सालाच्या बियांवर आणि पानांवर जगतात तिथे त्या झाडाचं काम नव्हतं.

महाराष्ट्रात मला पाइन लावता येईल का?

शोभेला एखादा लावा. व्यवसाय म्हणून विचार करू नका, आपल्याकडे साग आहे.

मग सागाची रोपं घेताना यातलं काय उपयोगी पडेल?

रोपवाटिकेत उंचीचा फोटो बघू नका, बियाण्याचं मूळ विचारा. बी बीजोद्यानातलं, राखीव बीजक्षेत्रातलं की वाटेवरच्या झाडाखालचं? टिश्यू कल्चर असेल तर मूळ झाड कुठलं, त्याचं वय किती आणि त्याची संतती किंवा कलमं कुठे, किती वर्षं तपासली? टिश्यू कल्चर ही नक्कल काढायची रीत आहे; मूळ झाड सामान्य असेल तर नकलाही सामान्यच निघतील. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाचं नाव मोठं आहे, म्हणून त्याचं रोप कोकणात तसंच वाढेल असं धरून चालू नका. तुमच्यासारखा पाऊस आणि जमीन असलेल्या जागी दहा-पंधरा वर्षांची लागवड दाखवा म्हणा आणि जाऊन खोडं बघा.

दहा वर्षांत करोडपती करणाऱ्या जाहिरातींना हे प्रश्न विचारले की फोन बहुधा ठेवला जातो. १९९०च्या दशकात सागाच्या गुंतवणूक योजनांत अनेकांचे पैसे बुडाले आणि मग सेबीला नियम करावे लागले. त्या योजनांच्या पत्रकांत परताव्याचे तक्ते होते, बियाण्याचं गाव नव्हतं. रोपं घ्यायचीच ठरली तर पावतीवर बियाण्याचं मूळ लिहून घ्या आणि दोन-तीन वेगळ्या मूळस्थानांची थोडी थोडी रोपं खुणा करून वेगवेगळ्या ओळींत लावा. सहाव्या-सातव्या वर्षी घेर मोजला की पुढच्या तुकड्यात कुठलं लावायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.